इलेक्ट्रिक स्कूटर : कोणत्या ॲक्सेसरीज घ्याव्यात आणि कोणत्या शोरूममध्येच सोडून याव्यात?

मुठाकाठ (धागाकर्ता)

इलेक्ट्रिक स्कूटर बुक झाली आहे. शोरूमने ॲक्सेसरीजची लांबलचक यादी हातात ठेवली आहे : चारी बाजूंचं स्टीलचं गार्ड, फूटमॅट, सीट कव्हर, बॉडी कव्हर, मोबाइल होल्डर, मागचा बॉक्स, उंच विंडस्क्रीन, फॉग लाइट, ग्रिप कव्हर, टेफ्लॉन कोटिंग आणि खालून गंजरोधक फवारणी. सगळं एकत्र घेतलं तर सूट.

वापर असा : पुण्यात रोज ३०-३५ किमी, पावसाळ्यातही. सोसायटीत तळमजल्यावर झाकलेलं पार्किंग आहे, चार्जिंग पॉइंट अजून बसवायचा आहे. कधीकधी तीन वर्षांचं मूल सोबत असतं.

पेट्रोल स्कूटरला जे लावतो ते सगळं हिला चालतं का? आणि पैसे मोजकेच असतील तर आधी कशावर घालावेत?

---

वायरमन_सातारा

यादीतलं एकही नाव वाचण्याआधी चार्जिंग पॉइंट करून घ्या. तो शोरूमच्या यादीत कधीच नसतो, कारण त्यात शोरूमला काही मिळत नाही. पण तुमच्या गाडीला रोज चार-पाच तास जोडलेली असणारी वस्तू तीच आहे.

घरगुती चार्जर साधारण ७५० ते ९५० वॅटचे असतात. २३० व्होल्टला भागलं की ३ ते ४ अँपिअर येतात. आकडा लहान दिसतो म्हणून लोक दिव्याच्या बोर्डावरून वायर ओढतात आणि तिथेच घोळ होतो. मिक्सर दोन मिनिटं चालतो, हा भार सलग तासन् तास चालतो. सॉकेटची पकड सैल असेल तर जोडावर रोध वाढतो. अर्धा ओम धरा : ४ अँपिअरचा वर्ग १६, गुणिले अर्धा, म्हणजे ८ वॅट उष्णता. छोट्या एलईडी बल्बइतकी शक्ती, पण एका पिनेच्या टोकावर एकवटलेली. तापलं की पितळी पट्टीची स्प्रिंग आणखी सैल होते, मग आणखी तापतं.

मागायचं ते असं :

मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन, तांब्याची २.५ चौ. मिमी वायर, फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही सारख्या जाडीच्या. अंतर फारच लांब असेल तर ४ चौ. मिमी. सुरुवातीला १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा खटका) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की लाइन तोडणारा खटका), किंवा दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ. नुसता आरसीसीबी लावून थांबू नका, तो गळती पकडतो, जादा भार पकडत नाही. दुकानात ‘एसी टाइप’ आणि ‘ए टाइप’ असे दोन मिळतात. चार्जर इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे त्याची गळती शुद्ध एसी नसते, म्हणून ‘ए टाइप’ घ्या.

सॉकेट आयएसआय खुणेचं १६ अँपिअरचं, झाकण असलेल्या पाणीरोधक पेटीत, कमरेच्या वर. वायर पेटीत खालून शिरू दे, वरून शिरली तर पाणी वायरीच्या कडेने आत उतरतं. पेटीला कुलूप लावायची सोय ठेवा. सोसायटीत वाद नको असेल तर त्याच लाइनवर सबमीटर बसवा. ३.७ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून भिंतीतून ४ युनिटच्या थोडी वर वीज जाते, हिशेब मीटरवरच दिसेल.

काम झाल्यावर वायरमन समोर असतानाच मल्टीमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ ५ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ कमी दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे. बरेच चार्जर अशा वेळी चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि लोक चार्जर खराब समजून सर्व्हिस सेंटर गाठतात.

---

हडपसरकर

चार्जर ३-४ अँपिअरच घेतो तर ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर प्लग लावून काम का होत नाही? आणि एक्स्टेंशन बोर्ड चांगल्या कंपनीचा असला तर?

---

वायरमन_सातारा

हडपसरकर, कन्व्हर्टर लावला की एकाऐवजी दोन जोड होतात : मोठी पिन कन्व्हर्टरमध्ये, कन्व्हर्टर सॉकेटमध्ये. वितळतो तो बहुतेक वेळा हाच तुकडा. शिवाय मोठ्या प्लगचं आणि लोंबणाऱ्या केबलचं वजन लहान सॉकेटला पेलत नाही, प्लग खाली झुकतो आणि वरची अर्थ पिन अर्धवट बाहेर येते. म्हणजे अर्थ गेलाच. त्यात दिव्याच्या सर्किटची वायर बऱ्याच इमारतींत १ किंवा १.५ चौ. मिमीची आणि वीसेक वर्षं जुनी असते.

एक्स्टेंशन बोर्डाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. आत बारीक पट्ट्या असतात, जमिनीवर पाणी असतं, वरून चाक जातं. अगदीच वेळ आली तर एकच १६ अँपिअरचं सॉकेट असलेली, २.५ चौ. मिमी तीन-तारी केबल, पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवून चार्जिंग केलं तर आतली वेटोळी तापतात.

तपासायची सोपी पद्धत : चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने बटण बंद करा, प्लग काढा आणि पिना बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर सॉकेट बदला. सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं, तर ती फेजची बाजू आहे आणि तिथली पट्टी जळायला लागली आहे. अर्थ वर असताना समोरून पाहिलं की उजवीकडे फेज असतो.

---

नटबोल्ट

आता गार्डकडे येतो, कारण यादीत सगळ्यात जास्त पैसे त्याचेच असतात.

गार्ड घ्यायचंच असेल तर पहिला प्रश्न : ते कशाला अडकतंय? चासीला असलेल्या मूळ बोल्टच्या जागांवर बसत असेल तर ठीक. प्लास्टिकच्या पॅनलला क्लॅम्प मारलेलं असेल तर गाडी आडवी झाल्यावर गार्डच पॅनल फोडतं. आणि बॅटरी ज्या बोल्टवर टांगलेली आहे त्या बोल्टला कुणी गार्डची पट्टी अडकवत असेल तर तिथेच थांबवा. तो बोल्ट ठरावीक ताणाने घट्ट केलेला असतो.

बोल्टच्या लांबीकडे कुणीच बघत नाही. गार्डची पट्टी ३ ते ५ मिमी जाड असते. जुना बोल्ट तसाच लावला तर आत तेवढे आटे कमी बसतात. एम-८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टचे निदान १२ मिमी आटे आत गेले पाहिजेत, नाहीतर ॲल्युमिनियमच्या भागातले आटे ओढले जातात आणि पुढे त्या जागी कुठलाच बोल्ट धरत नाही. जुन्यापेक्षा पट्टीच्या जाडीइतकाच जास्त लांब नवा बोल्ट मागा. त्याहून फार लांब घेतला तर मागच्या वायरीला किंवा पेटीला टेकेल.

‘स्टेनलेस आहे, चुंबक लावून बघा’ असं दाखवतात. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही, त्यामुळे त्या प्रयोगातून दोन्हींतला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि वेल्डिंगचे जोड बघा. गंज सुरू होतो तो जोडावर.

माझं मत : शहरात उभ्या गाडीला धक्के लागतात ते मागच्या कोपऱ्यांना आणि पुढच्या मडगार्डला. तेवढ्याच जागी छोटं गार्ड पुरे. चारी बाजूंनी पिंजरा केला की वजन वाढतं, धुताना चिखल अडकतो आणि प्रत्येक सर्व्हिसला पॅनल उघडण्याआधी तो काढावा लागतो. गाडीची बॉडी पत्र्याची असेल, जशी बजाज चेतकची आहे, तर पोचा येण्याची भीती खरी आहे, तिथे मागचं गार्ड जास्त उपयोगी. प्लास्टिकचं पॅनल ओरखडल्यावर बदलता येतं.

---

देवगड_किनारा

किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी भर घालतो. खारी हवा असेल तिथे क्रोम केलेलं साधं लोखंड एका पावसाळ्यात फुगतं. पावडर कोटिंग बरं, पण क्लॅम्पखाली ते खरवडलं जातं आणि तिथूनच गंज धरतो. क्लॅम्प आणि नळीच्या मध्ये रबराची पट्टी घालायला लावा.

गंजरोधक फवारणीबद्दल मात्र कळकळीने सांगतो : इलेक्ट्रिक स्कूटरला सरसकट खालून फवारा मारू देऊ नका. पेट्रोल गाडीचा पत्रा आणि ही खालची बाजू वेगळी. बॅटरीच्या पेटीला आतला दाब बाहेर सोडण्यासाठी बारीक झडप किंवा पडदा असतो. त्यावर डांबरी थर बसला तर तो बुजतो. कंट्रोलरच्या (मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीच्या) ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसला तर उष्णता बाहेर पडत नाही. कनेक्टरमध्ये शिरला तर दुरुस्ती करणाऱ्याचे हाल. स्टँड, स्विंगआर्म, नुसते लोखंडी ब्रॅकेट एवढ्यांना ब्रशने लावा, बाकीचं सोडा.

मागचं मडफ्लॅप मात्र यादीत नसलं तरी घ्या. लाल मातीचा चिखल मागच्या चाकावरून उडून चाक फिरवणारा बेल्ट, शॉक आणि नंबरप्लेटवर बसतो. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये खडी गेली की दाते तुटतात. दोन स्क्रूंचं काम आहे, खर्चही फारसा नाही.

आणि धुण्याबद्दल : आयपी ६७ हा पाणीरोधाचा दर्जा म्हणजे ठरावीक खोलीच्या साध्या पाण्यात ठरावीक वेळ तग धरणं. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. सर्व्हिसिंगच्या दुकानातला प्रेशर पंप चार्जिंग पोर्ट आणि हँडलखालच्या वायरींवर मारू देऊ नका.

---

मुठाकाठ

वायरमन, नटबोल्ट, देवगडकर, मनापासून आभार. पॉइंटचं काम आधी करतो. गार्ड फक्त मागचं. फॉग लाइट? सिंहगड रस्त्याच्या पुढे काही ठिकाणी दिवे नसतात आणि पावसात पांढऱ्या एलईडी हेडलाइटचा उजेड ओल्या डांबरावर दिसेनासा होतो.

---

बाराव्होल्ट

मुठाकाठ, तुमची अडचण बरोबर आहे पण उपाय आधी स्वस्तातला करून बघा. हेडलाइटचा झोत नीट लावलेला नसतो. गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, चालवणारा माणूस वर बसलेला हवा. लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली पडली पाहिजे. बहुतेक गाड्यांत त्यासाठी स्क्रू असतो. काचेवर चिखलाचा पातळ थर असला तरी उजेड बराच घटतो.

आता फॉग लाइट का जपून लावायचे. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये १२ व्होल्ट येतात ते मुख्य बॅटरीचं व्होल्टेज उतरवणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, डिस्प्ले, कंट्रोलरचा मेंदू, सगळं त्याच्यावरच चालतं आणि त्याची क्षमता कंपनीने गरजेपुरतीच ठेवलेली असते. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, सव्वातीन अँपिअर जादा. त्यात ब्रेक दाबला, इंडिकेटर लागला, हॉर्न वाजला की व्होल्टेज क्षणभर बसतं. पेट्रोल गाडीत दिवा मंद झाला असता. इथे डिस्प्ले बंद होऊन पुन्हा सुरू होतो किंवा गाडी दोष दाखवून जोर काढून घेते, आणि ते चालत्या रहदारीत होतं.

दुसरं, बाहेरचा मेकॅनिक वायर सोलून चिमटा-जोड मारतो. त्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. वर, वायरिंगला हात लावलेला दिसला की वॉरंटीचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. आणि काही जण तर थेट मुख्य पॅकवरून कन्व्हर्टर लावून वीज घेतात. त्या पॅकच्या टोकांना चुकून शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात. पाना वितळतो.

म्हणून नियम सोपा ठेवा : कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला, मूळ कनेक्टरला जोडला जाणारा दिवा असेल तरच घ्या. हॉर्न, रंगीत पट्ट्या, अलार्म, ट्रॅकर यांनाही हेच लागू. ट्रॅकर उभ्या गाडीतही थोडी थोडी वीज घेत राहतो. गाडी महिनाभर गावी ठेवली तर ज्या गाड्यांत वेगळी लहान १२ व्होल्टची बॅटरी असते तिथे ती उतरते आणि मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

मोबाइल होल्डर घ्या, पण कंप शोषणारं रबर असलेला. हँडलच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, ॲपलने २०२१ मध्ये तशी सूचनाच दिली होती. स्कूटरला उघडी नळी नसते म्हणून होल्डर आरशाच्या दांडीवर बसतो. दांडीचे आटे ८ मिमी आहेत की १० मिमी, सरळ की उलटे, हे बघूनच घ्या. गाडीच्या डिस्प्लेवर नकाशा येत असेल तर होल्डरचीही गरज नाही, त्याऐवजी डिस्प्लेला चांगली मॅट फिल्म लावा. उन्हात वाचता येतं आणि पुसताना ओरखडे पडत नाहीत.

---

नागपूरी_ऊन

बॉडी कव्हर : उघड्यावर गाडी उभी राहत असेल तरच. मुठाकाठ यांचं पार्किंग झाकलेलं आहे, त्यांना धुळीपुरतं सुती कापडही चालेल.

घेणाऱ्यांनी आतून अस्तर असलेलं, बाहेरून चंदेरी आणि खाली बक्कल असलेलं घ्यावं. चार्जिंग चालू असताना कव्हर घालायचं नाही. चालवून आल्यावर लगेच घालायचं नाही. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी अर्धा-पाऊण तास गरम असतात आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेरचं तापमानच ४५ ला टेकतं. ओल्या गाडीवरही घालू नका, आत वाफ कोंडते आणि चार्जिंग पोर्टच्या पिना काळ्या पडतात.

सोबत नेण्याच्या चार्जरबद्दलही. डिकीत ठेवत असाल तर खाली फोमचा तुकडा टाका. खड्ड्यांत तो आपटत राहिला की आतले डाख सुटतात. चार्जिंग करताना तो बाहेर काढा. बंद डिकीत ठेवून चार्जिंग केलं तर पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि चार्जर वेग कमी करतो किंवा बंद पडतो.

---

हडपसरकर

चार्जरवरून आठवलं. बाजारात ‘सगळ्या स्कूटरला चालणारा’ चार्जर निम्म्या किमतीत मिळतो. घ्यावा का?

---

बाराव्होल्ट

नाही. प्लग बसणं आणि चार्जर जुळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चार्जर आणि बॅटरीचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) एकमेकांशी बोलतात : किती व्होल्टेजपर्यंत भरायचं, तापमान वाढलं तर कधी थांबायचं. ज्या चार्जरला हे बोलणं येत नाही तो एकतर चालणारच नाही, किंवा बीएमएसच्या शेवटच्या संरक्षणावर सगळा भार टाकून चालेल. दुसरी शक्यता जास्त वाईट.

सार्वजनिक चार्जिंगसाठी मात्र आता एक मानक आहे. एथर या स्कूटर कंपनीचा कनेक्टर २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारला, एकाच तोंडातून एसी आणि डीसी दोन्ही. हीरोच्या विडा स्कूटरलाही तोच चालतो. गाडी निवडताना तुमच्या वाटेवर कोणत्या तोंडाचे चार्जर आहेत हे बघून ठेवा, ॲडॉप्टर विकत घेण्याची वेळ येणार नाही.

आणि घरचा चार्जर गाडीच्या किमतीत धरला आहे का, ते बिलावर बघा. चार्जर वेगळा विकल्याच्या वादात काही कंपन्यांना २०२३ मध्ये ग्राहकांचे पैसे परत करावे लागले होते. चार्जर ही निवडीची ॲक्सेसरी नाहीच.

---

टायरप्रेमी

सगळे वायरीत अडकलेत म्हणून टायरचं मी सांगतो. रेंज वाढवणारी एकमेव खरी ॲक्सेसरी म्हणजे हवेचा दाब मोजायचं मीटर. दाब कमी झाला की टायर जास्त दबतो, लोळण्याचा रोध वाढतो आणि किलोमीटर कमी मिळतात. पेट्रोल गाडीत हे जाणवत नाही, इथे डिस्प्लेवर दिसतं. आकडा कुणाला विचारू नका, गाडीवरच्या स्टिकरवर पुढचा, मागचा आणि दोघं बसल्यावरचा वेगळा दिलेला असतो. टायर गार असताना मोजायचं, पंधरा दिवसांतून एकदा.

हवा भरायचा पंप घेणार असाल तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या. मोटारीच्या लायटरला लावायचा पंप १० अँपिअरपर्यंत ओढतो, स्कूटरच्या १२ व्होल्टला तो झेपणार नाही.

पंक्चर किट : कानस-सुई, पट्टी ओवायची सुई, चिकट पट्ट्या, पक्कड, ब्लेड. एवढं डिकीत मावतं. खिळा काढण्याआधी तो कोणत्या कोनात गेला आहे ते बघा आणि कानस-सुई त्याच कोनात फिरवा, नाहीतर दुसरं भोक पडतं. पट्टी दोन्ही टोकं बाहेर राहतील इतकीच आत ढकला आणि सुई झटक्यात ओढा. वर थुंकी किंवा साबणपाणी लावून बुडबुडे बघा. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पट्टी मारू नका, टायर बदला.

टीव्हीएस आयक्यूबसारख्या हब मोटरच्या गाड्यांत मोटर मागच्या चाकातच असते. ट्यूबलेस पट्टीसाठी चाक काढायला लागत नाही हे बरं, पण टायर बदलताना मोटरची केबल सोडवावी लागते. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने ती ओढली तर महागात पडतं. म्हणून अशा गाडीला किट जास्तच गरजेचं.

सीलंट घालायचं तर १२ इंची टायरला साधारण २०० ते २५० मिली, व्हॉल्व्हचा गाभा काढून. जास्त ओतलं तर चाकाचा तोल जातो. टायरच्या दाबाचे सेन्सर असतील तर सीलंट त्यांचं भोक बुजवतं, म्हणून दोन्हींपैकी एकच निवडा. दोनेक वर्षांत ते सुकतं हेही लक्षात ठेवा.

टायर जाड दिसावा म्हणून मोठ्या मापाचा टाकू नका. ९०/९०-१२ लिहिलं असेल तर तेच, आणि त्यानंतर लिहिलेला भार-आकडाही (टायर किती वजन पेलतो त्याचा) तोच किंवा वरचा. ५४ म्हणजे २१२ किलो.

---

आईची_गाडी

मुलासाठी कुणीच काही लिहिलेलं नाही, म्हणून.

मुठाकाठ, तुमच्या मुलाचं वय तीन, म्हणजे नियम तुम्हाला थेट लागू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२३ पासून ती लागू आहे : चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सेफ्टी हार्नेस हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत. हार्नेस ३० किलो पेलणारा, हलका, पाणी न पिणारा आणि पट्ट्या कमीजास्त करता येणारा. बाजारातले बरेच ‘बेल्ट’ नुसते कमरेला बांधायचे असतात. ते नकोत. मुलाच्या अंगावर जाकिटासारखा भाग आणि त्यातून तुमच्या खांद्यांवर येणाऱ्या दोन पट्ट्या, असा हवा.

पुढे फूटबोर्डवर बसवायची घडीची खुर्ची मिळते. इलेक्ट्रिक स्कूटरवर ती मला धोक्याची वाटते. गाडी चालू आहे हे आवाजावरून कळत नाही. सिग्नलला किंवा दारात थांबल्यावर मुलाचा हात ॲक्सिलरेटरवर गेला तर गाडी शून्यापासून पूर्ण जोराने उडी मारते. थांबलात की लगेच पार्क मोड किंवा किल स्विच, ही सवय मुलं असलेल्या घरात सगळ्यांना लावा. मूल मागे बसवायचं तर दोन्ही बाजूंना धरता येणारं घट्ट ग्रॅब रेल आणि पाठीला टेकण देणारा बॅकरेस्ट या दोन गोष्टी पैसे वसूल करतात.

तुमचं स्वतःचं हेल्मेट : आयएस ४१५१ आणि आयएसआय खूण, खाली सीएम/एल क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर टेप फिरवून माप घ्या. पट्टा लावून मागून वर ढकलल्यावर हेल्मेट पुढे सरकत असेल तर मोठं होतंय. काच पारदर्शक घ्या. शोरूमने भेट दिलेलं अर्धं टोपलं घरीसुद्धा आणू नका.

---

नटबोल्ट

आईची_गाडी यांना पूर्ण अनुमोदन. ॲक्सिलरेटरचा विषय निघालाच आहे म्हणून ग्रिप कव्हर : नकोच. फोमचं कव्हर घामाने आणि पावसाने फुगतं, सरकत सरकत आतल्या कडेला घासतं आणि मूठ सोडल्यावर ती पूर्ण मागे येत नाही. पेट्रोल गाडीत त्याने इंजिन थोडं घोंघावतं, इथे चाक फिरतं. आधीपासून लावलेलं असेल तर गाडी बंद ठेवून मूठ पिळा आणि सोडा, टक्कन मागे आली पाहिजे.

फूटमॅट रबराची, कडा असलेली घ्या. वेटोळ्यांची मॅट पाणी धरून ठेवते. स्क्रूने बसवायची असेल तर नको म्हणा. बऱ्याच मॉडेलमध्ये फूटबोर्डच्या खाली बॅटरी किंवा तिची केबल असते, तिथे ड्रिल चालवणं म्हणजे आगीशी खेळ आहे.

मागचा बॉक्स कामाचा, पण रॅकवर किती किलो लिहिलं आहे ते वाचून. बॉक्सचं स्वतःचं वजनही त्यात धरायचं. चाकाच्या मागे लटकलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, उताराच्या वळणावर हँडल डुलतं. लॅपटॉप, रेनकोट, डबा एवढं ठीक. जड सामान डिकीत किंवा पायाशी.

विंडस्क्रीन छोटी चालेल. उंच आडवी काच ५० च्या वर हवेशी झगडते, रेंज खाते, आणि पावसात तिच्यावरचे थेंब पुसायला काही नसतं.

टेफ्लॉन : प्लास्टिकच्या पॅनलला महागडं कोटिंग कशाला? साधं वॅक्स घरी लावता येतं.

---

तोरणा_रायडर

धाग्यात बाइकवाल्यांसाठी दोन ओळी. इलेक्ट्रिक बाइकची ‘टाकी’ बहुतेक प्लास्टिकची असते, चुंबकाची टँक बॅग चिकटत नाही, पट्ट्यांची घ्या आणि चार्जिंगचं झाकण तिच्याखाली येत नाही ना ते बघा. चेन असेल तर लुब्रिकंट आणि ब्रश. बेल्ट असेल तर त्यावर तेलाचा थेंबही नको. साडी गार्ड काढून टाकू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, मागच्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा, हे तिन्ही केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार सक्तीचं आहे. फ्रेम स्लायडर (गाडी आडवी झाली तर जमिनीला घासणारा ठोकळा) घेताना तो मोटरच्या किंवा बॅटरीच्या खोक्याला नव्हे, फ्रेमला बसतो ना, हे तपासा.

---

मुठाकाठ

यादी आता अशी झाली : चार्जिंग पॉइंट, दोन हेल्मेट, मुलाचा हार्नेस, बॅकरेस्ट, मागचं गार्ड, मडफ्लॅप, रबरी मॅट, दाबाचं मीटर, पंक्चर किट, डिस्प्ले फिल्म. बॉक्स पगारानंतर. शोरूम म्हणतंय पॅकेज नाही घेतलं तर डिलिव्हरी उशिरा मिळेल. शिवाय बिलात ‘फिटिंग चार्ज’ आणि नंबरप्लेटची फ्रेम लावली आहे.

---

नटबोल्ट

गाडीबरोबर ॲक्सेसरीज घेण्याची सक्ती करता येत नाही. लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच आवाज खाली येतो. ॲक्सेसरीजचं बिल वेगळं, प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत लिहिलेलं घ्या. गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, ॲक्सेसरीजवर त्याहून जास्त, म्हणून ‘गाडीतच धरलंय’ हे उत्तर पटवून घेऊ नका. कंपनीची नसलेली महाग वस्तू लावणार असाल तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवा, नाहीतर अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत.

नंबरप्लेटची फ्रेम परत करा. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने लागते, त्यावर फ्रेम किंवा काच नको. हिरव्या पाटीवरचे पांढरे आकडे पूर्ण दिसले पाहिजेत, मडफ्लॅप किंवा गार्डची नळीही आड येता कामा नये.

डिलिव्हरीच्या दिवशी फिटिंग झाल्यावर, पैसे देण्याआधी : हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, वायर ताणली जाते का बघा. साइड स्टँड खाली-वर करा, डिस्प्लेवर तशी खूण बदलली पाहिजे, कारण स्टँडखाली रुंद बूड लावल्याने सेन्सर चुकतो. मागे कुणाला बसवून गाडी दाबा, मडफ्लॅप चाकाला घासायला नको. सीट उघडा, बंद करा. चार्जिंगचं झाकण बॅकरेस्टच्या पट्टीला अडत नाही ना? गार्डचे एम-६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर पिळाने (टॉर्कने) घट्ट करायचे, एम-८ साधारण २२ ते २५, मधल्या ताकदीचं निळं थ्रेड लॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून. पाचशे किलोमीटरनंतर एकदा सगळे पुन्हा तपासून घ्या. नवीन पट्टीखालचा रंग दबतो आणि बोल्ट आपोआप ढिले पडतात.

---

वायरमन_सातारा

आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबल्यावर खटका पडला नाही तर त्या दिवशी चार्जिंग लावू नका.